बोरदऱ्याची गाळवी

"मागं सरका, मागं! गाळवी भायेर पडताना पयला जो दिसंल, त्याच्याच पायात शिरती!"

भोंग्यातून असा पुकारा झाला आणि चारशे माणसं एकदम मागे हटली. लगेच तितक्याच जोराने पुढेही सरली, कारण भीती कितीही वाटली तरी बघायचं तर होतंच.

बोरदऱ्याच्या पाझर तलावाला जिथं ओढा मिळतो तिथं बारा महिने गुडघाभर दलदल असते. एरवी तिथं कुणी फिरकत नाही. पण दसरा होऊन आठ दिवस झाले होते, आणि त्या दलदलीच्या काठावर अमरसिंहांनी हिरव्या कापडाचा मंडप घातला होता. नांदूरघाटाकडून जीपा भरून माणसं येत होती. लिंबागणेशची, उमापूरची माणसंही आली होती म्हणे. भज्यांचा गाडा लागला होता, नारळवाला बसला होता. मंडपाच्या मधोमध बाजेवर एक बाई झोपवलेली, तोंडावर पदर, पोट तेवढं उघडं. तिच्या उशाशी बंकट महाराज उभे. कपाळावर गाळाचा टिळा, एका हातात म्हशीचं शिंग, दुसऱ्या हातात माईक.

"गाळवी कशी असती?" महाराजांनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "केसावानी बारीक, सापावानी चपळ, आन सासूवानी चिवट!"

बाया पदराआड हसल्या.

"तळ्याच्या गाळात ऱ्हाती. बाई पाण्यात उतरली का टाचंच्या भेगंतून आत शिरती, पिंढरीतून वर चढती, बेंबीखाली कुंडली घालून बसती. बाईचं रगत पिती. बाई वाळत जाती, गाळवी माजत जाती. डॉक्टरच्या मशिनीत दिसती का? न्हाई दिसत! कावून? मशीन चालती लाईटीवर, आन लाईट बघितली की गाळवी लपती!"

टाळ्या पडल्या. ज्या गावात दिवसातून आठ तास लाईट नसते, तिथं गाळवीला लपायची एवढी गरज का पडावी, हे कुणी विचारलं नाही.

महाराजांनी शिंगाचं रुंद तोंड बाजेवरच्या बाईच्या बेंबीखाली दाबलं, निमुळत्या टोकाला तोंड लावलं आणि गाल आत जाईस्तोवर ओढलं. मग शिंग उचलून पितळी परातीत आपटलं. चिमूटभर वाळका गाळ पडला आणि त्यात दहाबारा काळपट केस. महाराज म्हणाले, "झोपलीय. हिला दूध दावा." कोमट दूध ओतलं गेलं. क्षणभर काही झालं नाही. मग एक केस हलला. दुसरा वळवळला. बघता बघता सगळे केस पीळ घेत एकमेकांना विळखे घालू लागले आणि दुधाला लाली चढली.

"रगत! प्यालेलं रगत ओकली!" कुणीतरी किंचाळलं. दोघी बायांच्या अंगात आलं. परात लगेच आगटीत उपडी झाली, वर कापूर पडला, आणि गाळवी जळून गेली.

बाजेवरच्या बाईने तोंडावरचा पदर बाजूला केला. ती मनिषा होती, माझ्या पुतण्याची बायको.

मी शहादेव. पशुसंवर्धन खात्यात छत्तीस वर्षं पर्यवेक्षक होतो. गाव मला ढोरांचा डॉक्टर म्हणतं. त्या मंडपात मी मागे उभा होतो आणि माझ्या अंगाची लाही होत होती. महाराजांचा राग तर होताच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की ह्या गाळवीचा बाप मी आहे.

चार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात गावातली तीसेक शेरडं मेली. एक शेळी मी फाडून पाहिली. तिच्या कलेजीत चपटे, पानासारखे जंत होते. दलदलीतल्या गोगलगायीच्या अंगात हा जंत वाढतो, तिथून गवताला चिकटतो, आणि ते गवत खाल्लं की जनावराच्या कलेजीत घर करतो. मी ती कलेजी बाटलीत घातली आणि ग्रामसभेत भाषण ठोकलं. शेरडं दलदलीकडे चारू नका, एवढंच सांगायचं होतं. पण कुणी मनावर घेईना. तेव्हा माईक लावणाऱ्या पोराने विचारलं, "डॉक्टर, हे मान्सालाबी व्हतं का?"

मी म्हणालो, "होतं तर! सांभाळून राहा."

खरं उत्तर असं होतं की माणसाला ते लाखात एखाद्याला होतं, आपल्या भागात मी तरी ऐकलेलं नाही. पण लोक घाबरले की ऐकतात, असा माझा हिशेब. ते 'लाखात एखाद्याला' मी गिळून टाकलं. सभा चिडीचूप झाली आणि मला फार बरं वाटलं.

माईक लावणारा तो पोरगा म्हणजे बंकट. लग्नाकार्यात भोंगे भाड्याने द्यायचा. माझं भाषण त्याने नुसतं ऐकलं नाही, उचललं. त्यातली गोगलगाय वगळली, शेळीच्या जागी बाई घातली, बाटलीच्या जागी शिंग आणलं. मी भीती दाखवून तिच्यावर औषध सांगितलं नव्हतं. त्याने ते सांगितलं, एवढाच आमच्या दोघांत फरक.

आणि औषधाला गिऱ्हाईक तयार होतं. आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी विचारत नाही. म्हणून निघायच्या आधी बाईचं पोट दुखायला लागलं की अख्ख्या घराचं पोट दुखतं. डॉक्टर म्हणतो पंधरा दिवस झोपून राहा. महाराज अर्ध्या तासात उठवतात. टोळीचे मुकादम आणि मंडपाचे यजमान एकच, अमरसिंह. त्यांना कुठलं औषध गोड लागणार, हे सांगायला नको.

मनिषाचं पोट पंधरा दिवसांपासून दुखत होतं. त्या रविवारी तिला बाजेवरून उठवलं तेव्हा महाराज म्हणाले, "मादी निघाली. पिल्लं ऱ्हायलीत. बुधवारी परत आणा. तवर सुई नगं, सलाईन नगं. सुई टोचली का पिल्लं काळजाकडं पळत्यात."

संध्याकाळी मी पुतण्याच्या घरी गेलो. रामेश्वर लोहाराकडून पाणी देऊन आणलेला कोयता पोत्यात गुंडाळत होता. वत्सलावहिनी, म्हणजे त्याची आई, चुलीपुढे बसली होती.

मी म्हणालो, "रामेश्वर, पोरीला उद्या तालुक्याला घेऊन चल. सोनोग्राफी करू."

"तात्या, तिला हलकं वाटायलंय. आता कशाला?"

"त्या भोंगेवाल्याने काय काढलं रे तिच्या पोटातून?"

"आमी डोळ्यानं बघितलं की. तुमीबी बघितलं. वळवळत व्हतं का न्हाई?"

वळवळत होतं खरं.

वहिनीने फुंकणी खाली ठेवली. "भावजी, म्या दवाखान्यात गेलते. पोट दुखतंय म्हणून गेलते. त्यांनी सांगितलं पिशवी खराब हाय, काढा न्हाईतर कॅन्सर व्हईल. काढली. तवा म्या बत्तीस वर्साची व्हते. आज माझ्याकडं बघा. चार पायऱ्या चढले का दम लागतो. गावात अशा आमी सतरा जणी हावोत. माझ्या सुनंला म्या तिथं न्हेऊ? महाराज निदान सुरी तरी लावत न्हाईत."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सुरीवाल्यांनी आधी लुबाडलं, म्हणून शिंगवाल्याचं फावलं. आमच्या बायकांना अडाणी म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की त्या आधी शहाण्यांकडेच गेल्या होत्या.

निघताना मनिषा पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोक्यावर पदर, नजर जमिनीला. मी विचारलं, "काय गं, कसं वाटतंय?"

"बरं हाय, तात्या. थोडं दुखतंय ह्या अंगाला." तिने उजवीकडे ओटीपोटाशी हात नेला आणि लगेच काढून घेतला.

पुढचा प्रश्न माझ्या ओठावर होता. गाय आजारी म्हणून आणली तर मी सगळ्यात आधी काय विचारतो? माजावर कधी आली होती? भरवली होती का? छत्तीस वर्षांत हजारो गायी-म्हशींच्या गर्भाशयात कोपरापर्यंत हात घालून पाहिलेला मी माणूस. पण सुनेला चुलतसासऱ्याने 'पाळी कधी आली होती' हे विचारायचं नसतं. आमच्यात ती रीत नाही. मी तांब्यातलं पाणी प्यालो आणि घरी आलो. गाय असती तर विचारलं असतं.

बुधवारी सकाळी मी अंगणात दाढी करत होतो, तेव्हा भिवरामावशी आली. भिवराबाई धनगराची, सत्तरी ओलांडलेली, आजही स्वतः मेंढरं घेऊन माळावर जाते. मनिषावर तिचा जीव. रविवारी मंडपात मनिषाचा हात धरून तीच बाजेशी बसली होती.

"शहादेवा, हात पुढं कर," ती म्हणाली.

तिने लुगड्याच्या गाठीतून एक काळपट केस काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग त्यावर सरळ थुंकली.

"अगं मावशी!"

"बघ, बघ."

केस हलला. वळला. माझ्या तळहातावर गिरकी घेऊन थांबला. मावशीने तो फडक्याने टिपला, उन्हात ठेवला. आम्ही दोघं एवढी मोठी माणसं पोरांसारखी उकिडवी बसून बघत होतो. वाळला तसा त्याला पुन्हा पीळ बसला. वर पाण्याचा थेंब सोडला, पुन्हा उलगडला.

"कुसळ हाय हे," ती म्हणाली. "माळावरलं कुसळी गवत. त्या दिवशी परातीतनं उडून माझ्या घोंगडीला चिकटलं. काल सांजंला घोंगडी साफ कराया बसले तवा हाताला लागलं. बाकीच्या कुसळास्नी टोक व्हतं, ह्याचं कातरलेलं. जलमभर मेंढराच्या लोकरीतनं हेच येचलंय, मला वळखू येणार न्हाई? पावसात भिजलं की मेंढराच्या अंगावर असंच वळवळतं, कातडीत घुसतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. कुसळाची दांडी सुंभाच्या दोरीसारखी पिळलेली असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की बसतो. फिरत फिरत ते बी स्वतःला जमिनीत रुजवून घेतं. हे मला माहीत होतं. कुसळाने सडलेली मेंढरांची कातडी मी शेकड्यांनी पाहिली होती. रोज धोतराला चिकटणारी आणि शिवी देऊन उपटून फेकलेली वस्तू दुधाच्या परातीत पडली आणि मीसुद्धा तिला ओळखलं नाही. शिंगाच्या आत मेणाने चिकटवलेली कुसळं, सोबत कोरड्या गाळात मिसळलेलं कुंकू. झाली गाळवी.

मला इतका आनंद झाला की अर्धी दाढी तशीच ठेवून मी उठलो. "मावशी, माळावरून मूठभर कुसळ आणू. आज सगळ्यांसमोर त्याचं सोंग उतरवतो."

"सोंग ऱ्हाऊ दे बाजूला," मावशी म्हणाली. "आदी पोरीचं बघ. तिची दोन म्हैने झालं पाळी न्हाई. मला सांगितलं तिनं. काल डाग लागला म्हनली. उठली का डोळ्याफुडं अंधारी येती."

मी वस्तरा खाली ठेवला. पाळी चुकलेली, एका अंगाला दुखणं, चक्कर. ढोरांचा असलो तरी डॉक्टर होतो. एवढं कळत होतं की ही पोर आजच्या आज दवाखान्यात हवी. मी जीपवाल्याला फोन लावला आणि त्याला तलावावरच बोलावलं, कारण महाराजांची दुसरी बैठक अकराला होती आणि वहिनी आणि रामेश्वर तिला घेऊन गेलेही होते. जाताना वाटेत माळ लागतो. मी वाकून मूठभर कुसळ उपटलंच. टोकं कातरायला खिशात दाढीची कात्री होती.

मंडपात पोचलो तेव्हा गर्दी रविवारच्या दुप्पट होती. दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीचे ट्रॅक्टर निघणार होते. मनिषा बाजेवर होती. शिंग लावून झालं होतं, परात पुढे आली होती.

"पिल्लं वर चढलीत!" महाराज माईकवर सांगत होते. "बाईचा खांदा दुखायलाय. कावून? पिल्लं खांद्याला जाऊन बसलीत!"

मावशीने माझा दंड धरला. "शहादेवा, आदी तिला उचल. जीप आलीय बघ."

मी मनिषाकडे पाहिलं. ती डोळे मिटून पडली होती. मग मी गर्दीकडे पाहिलं. आठशे माणसं. अमरसिंह खुर्चीवर. चार वर्षांपूर्वी ज्यांनी माझं ऐकलं नव्हतं ती सगळी तोंडं एका जागी.

"थांब मावशी," मी म्हणालो. "एवढी माणसं परत जमायची नाहीत. दोनच मिनिटं."

मी बंकटच्या हातातून माईक घेतला.

"गाळवी दुधाने जागी होते ना महाराज? मग ही माझी गाळवी बघा!" मी दुसरी परात मागवली. कुसळाची टोकं सगळ्यांदेखत कातरली, परातीत टाकली. त्यावर दूध नाही, साधं तलावाचं पाणी ओतलं. कुसळं वळवळू लागली. पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, "आरं, हे तर कुसळ हाय बे!"

"कुसळच आहे! तुमच्या धोतराला रोज चिकटतं ते!"

हशा पिकला. अमरसिंह उठून उभे राहिले. "डॉक्टर, देवाधर्माच्या कामात इघ्न आणू नका. महाराजांची शक्ती हाय म्हणून तुमचं गवतबी हललं."

"असं? मग महाराजांना शंभर पावलं लांब उभं करा. तरी हलतं का बघू."

पुन्हा हशा. मग प्रश्न सुरू झाले. एकाने विचारलं, लाल कसं होतं? मी नारळवाल्याकडून चिमूटभर कुंकू घेऊन पाण्यात टाकून दाखवलं. दुसऱ्याने विचारलं, शिंगात आधीच असतं कशावरून? मी शिंग मागितलं, बंकट देईना, पोरांनी ओढून घेतलं. आत बोट घातलं तर मेण निघालं आणि मेणाला चिकटलेलं एक कुसळ. मंडपात जो गलका झाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. पोरं मोबाईलवर चित्रण करत होती. कुणी शिट्ट्या वाजवल्या. बंकट मंडपाच्या मागच्या कनातीतून दलदलीत उतरला आणि गुडघ्याएवढ्या चिखलात रुतला. ज्या गाळवीची भीती घालून त्याने दोन वर्षं खाल्लं, तिच्याच घरातून त्याला चौघांनी ओढून काढलं. लोक पोट धरून हसले. मीही हसलो.

त्या हसण्यातच मावशीची हाक आली. "शहादेवा!"

मनिषाच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि हात गार. "तात्या," ती म्हणाली, "खांदा लई दुखायलाय. पानी द्या."

शेळीला रक्त आहे की नाही हे बघायला आम्ही तिची खालची पापणी ओढतो. लाल असली तर बरं. मी मनिषाची पापणी खाली ओढली. आत लाली नव्हती. पांढरीफट्ट, शाळेच्या खडूसारखी.

रामेश्वरने तिला उचललं. जीप निघाली. वत्सलावहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, एकसारखी म्हणत होती, "सुई लावा, कायबी लावा, पोट फाडा, पण हिला ठिवा." नांदूरघाट मागे पडलं आणि मनिषाने हुंदक्यासारखा एक श्वास घेतला. त्यानंतर पुन्हा घेतला नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मान हलवली. नंतर मला बाजूला घेऊन समजावलं. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला होता. वाढला तशी नळी फुटली. रक्त पोटातल्या पोटात साचत गेलं. ते वर सरकलं की खांदा दुखतो. आठवड्यापूर्वी आणली असती तर साधं ऑपरेशन होतं. "आज सकाळी आणली असती तरी प्रयत्न केला असता," त्या म्हणाल्या. "नळी फुटल्यावर एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. उशीर कशाने झाला?"

मी म्हणालो, "रस्ता खराब आहे."

म्हणजे महाराज एवढं खरं बोलले होते की तिच्या पोटात काहीतरी भलत्या जागी वाढत होतं आणि तिचं रक्त घेत होतं. ते तलावातून आलेलं नव्हतं. ते तिचं आणि रामेश्वरचं लेकरू होतं, वाट चुकलेलं.

बंकटवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, तो पकडला गेला, जामिनावर सुटला. अमरसिंहांनी जबाब दिला की मंडप त्यांनी भाविकांना ऊन लागू नये म्हणून घातला होता. आता दूरच्या एका तलावावर शेवाळातून 'शेवाळी' निघते, अशी कुजबुज कानावर येते. रामेश्वर दिवाळीनंतर दुसऱ्या टोळीबरोबर गेला, अर्धा कोयता म्हणून. जाताना माझ्या पाया पडला नाही.

त्या दिवशीचं चित्रण मोबाईलवर सगळीकडे फिरलं. अनोळखी लोक फोन करून शाबासकी देतात. एका संस्थेने शाल आणि नारळ दिला. 'निडर पशुवैद्याने केला भोंदूचा पर्दाफाश' अशा नावाने ते फिरतंय. मी ते रोज बघतो. सगळे माझ्याकडे बघतात, परातीकडे बघतात. मी डाव्या कोपऱ्यात बघतो. तिथं बाजेचा पायथा आणि मनिषाचा एक पाय दिसतो. सुरुवातीला तो पाय बाजेवर घासतो, अंगठा वळतो. शिंगातून मेण निघतं तेव्हा बोटं आखडलेली असतात. बंकटला चिखलातून ओढतात, लोक हसतात, तेव्हा तो पाय हलत नाही. चित्रण अठ्ठावीस मिनिटांचं आहे. मी मावशीला दोन मिनिटं सांगितली होती.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे मी शाळेत शिकलो होतो. एवढं शब्दशः शिकेन असं वाटलं नव्हतं.

म्हणून आता भाषणाला बोलावतात तेव्हा कुसळाचा प्रयोग मी शेवटी करतो, वेळ उरला तर. आधी तीन गोष्टी सांगतो आणि त्या तुम्हीही ऐका. बाईचं पोट दुखत असेल आणि पाळी चुकली असेल तर ते कुणाची नजर, करणी, गाळवी नसतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुणी पिशवी काढा म्हणालं तर कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरला विचारा, घाबरून सहीही करू नका आणि घाबरून बाबाकडेही जाऊ नका. आणि तुमच्यासारखा, माझ्यासारखा एखादा शहाणा तिथं बुवाचं पितळ उघडं पाडायला उभा असेल तर त्याला बाजूला ढकला आणि आधी बाईला गाडीत घाला. बुवा उद्याही सापडतो.

परवा शेजारची धनश्री, नवी सून, ओसरीवर पोटाला हात लावून बसलेली दिसली. सासू, सासरा, दीर, सगळे होते. मी तिथंच उभा राहून मोठ्याने विचारलं, "पोरी, पाळी कधी आली होती?"

सासऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नागडा उभा आहे. पोरीने मान खाली घातली. मी हललो नाही. पुन्हा विचारलं.

तिने उत्तर दिलं.